रांधेल त्याचं अन्न

आषाढी एकादशीच्या सकाळी साबुदाण्याची खिचडी ज्या कढईत परतली जाते, त्या कढईतलं जवळजवळ सगळं सामान साडेपाचशे वर्षांपूर्वी फक्त अमेरिका खंडांत होतं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा ब्राझीलकडचा. शेंगदाणा बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. बटाटा अँडीज पर्वतातला, हिरवी मिरची मेक्सिकोकडची. शेजारी रताळ्याचा कीस असला तर रताळंही तिथलंच, आणि डब्यातल्या लाडवाचा राजगिराही. जिरं पश्चिम आशियातून आलेलं. उपवासाच्या ताटात इथले म्हणावेत असे जुने पदार्थ दोन-तीनच: वरी, शिंगाडा आणि तूप.

ही माहिती आता कोणाला नवी नाही. दर एकादशीला ती फोनवर फिरते आणि तिचा वापर दोन प्रकारांनी होतो. काही जण ती उपवास करणाऱ्याला टोचायला वापरतात: कसली तुमची परंपरा, ती तर पोर्तुगीजांनी आणून दिली! मग दुसऱ्या बाजूने तितक्याच त्वेषाने उत्तर येतं की साबुदाणा पुराणकाळापासून आपलाच आहे आणि मिरचीही इथलीच. दोघं भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत असतं. पदार्थाचं मूळ जिथे, तिथेच त्याची मालकी, हे दोघांनाही मान्य असतं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. आणि त्याचे परिणाम फोनपुरते राहत नाहीत. शाळेत मुलांना काय वाढायचं, वसतिगृहाच्या खानावळीत काय शिजवायचं, कोणत्या धान्याला सरकारने मान द्यायचा, हे ठरवताना 'हे आपलं आणि ते परकं' हा निकष हमखास पुढे केला जातो. त्यामुळे पदार्थ कुठून आले, कसे आले, कोणी आणले हे नीट समजून घेणं ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

साबुदाण्याचाच प्रवास पाहू, कारण तो सर्वांत चमत्कारिक आहे. आपल्या पणजोबांच्या काळी मिळणारा साबुदाणा आणि आजचा साबुदाणा या दोन वेगळ्या झाडांच्या वस्तू आहेत. पूर्वीचा माल मलाया-सिंगापूरकडून बोटीने येई. तिकडच्या दलदलीत वाढणाऱ्या एका ताडासारख्या झाडाचं खोड फोडायचं, आतला गाभा कुटून पाण्यात धुवायचा, खाली बसलेल्या पांढऱ्या साक्याचे दाणे करायचे. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि ही आवक थांबली. तेव्हा, १९४३च्या सुमारास, तमिळ मुलखातल्या सेलममध्ये माणिक्कम चेट्टियार या व्यापाऱ्याने पेनांगहून आलेल्या पोपटलाल शहा यांच्या मदतीने कसाव्याच्या पिठापासून तसेच दाणे बनवायला सुरुवात केली. कंद सोलून ठेचायचे, त्यांचं दूध टाक्यांत निवळू द्यायचं, खाली बसलेलं ओलं पीठ कापडाच्या झोळीत घालून हिंदकळवायचं म्हणजे त्याचे गोळे होतात, ते तापल्या तव्यांवर भाजायचे आणि अंगणात वाळवायचे. सुरुवातीला हे सगळं हातांनी चाले, पुढे यंत्रं आली. १९८१ मध्ये तिथल्या उत्पादकांनी 'सागोसर्व्ह' ही सहकारी संस्था उभी केली, २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तुकोबांच्या एकादशीला साबुदाणा नव्हता. लोकमान्यांच्या काळात मिळे तो वेगळ्या झाडाचा होता. आज आपण भिजवतो तो साबुदाणा सुमारे ऐंशी वर्षांचा आहे.

पण कसावा सेलमच्या आसपास मुळात होता कसा? तो पोर्तुगीजांबरोबर केरळात आला आणि दोनशे वर्षं तसा दुर्लक्षित राहिला. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याची लागवड नेटाने वाढवली. डोंगरउतारावर, हलक्या जमिनीत, थोड्या पाण्यावर येणारं आणि पोट भरणारं पीक त्यांना हवं होतं, कारण त्रावणकोरात तांदूळ पुरत नसे. पुढे तो ब्रह्मदेशातून येऊ लागला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानकडे गेला आणि तांदळाची बोट थांबली, तेव्हा केरळातल्या गरिबाला जगवलं ते या कंदाने. केरळात कप्पा, म्हणजे हाच कसावा, आणि मासळीचं कालवण आज हौसेने खातात, त्यामागे ही उपासमार आहे.

आणखी मागे गेलं तर ॲमेझॉनच्या खोऱ्यात पोचतो. कडू जातीच्या कसाव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. तो तसाच खाल्ला तर माणूस दगावू शकतो. तिथल्या आदिवासींनी तो किसून, वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरून, पिळून, भाजून खाण्याजोगा करायची रीत शोधली. किती पिढ्या लागल्या असतील आणि किती जणांना त्रास झाला असेल, कोणास ठाऊक. हे ज्ञान ज्यांचं, त्यांना युरोपीय जहाजांनी रोगराई आणि गुलामी दिली आणि त्यांचे कंद मात्र जगभर नेले. आपल्या वाटीतल्या पांढऱ्या दाण्यामागे ॲमेझॉनचे आदिवासी आहेत, त्रावणकोरची टंचाई आहे, एक महायुद्ध आहे आणि सेलमच्या कारखान्यांतले मजूर आहेत. 'पुराणकाळापासून आपलाच' असं म्हणताना आपण या सगळ्यांना एका वाक्यात पुसून टाकतो. 'परक्यांनी आणून दिला' असं हिणवणाराही तेच करतो, कारण त्याच्या लेखी महत्त्वाचा असतो तो फक्त जहाजाचा मालक.

मग उपवासाला हा कंद चालला कसा? याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. उपवासाचा नियम पदार्थांची यादी नव्हता. शेतात पेरून कापलेलं नेहमीचं धान्य त्या दिवशी नको, फळं चालतील, कंदमुळं चालतील, असा तो ढोबळ विभाग होता. बटाटा आला, तो कंद होता. रताळं आलं, तेही जमिनीखालचं. साबुदाणा कंदाचाच. शेंगदाणा भुईत लागणारा. नियम जुना राहिला आणि त्याच्या आतलं सामान बदलत गेलं. परंपरेच्या रक्षकांना यात उणेपणा वाटायचं काही कारण नाही. नव्याला सामावून घेता येईल एवढी ती रुंद होती, म्हणूनच टिकली. पुरीच्या जगन्नाथ मंदिराने वेगळा मार्ग धरला. तिथल्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो, मिरची आजही घालत नाहीत, आणि तमिळ ब्राह्मण घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरचीऐवजी मिरी वापरतात. मला दोन्ही रीती आदरणीय वाटतात. फरक इतकाच, की पुरीचा नियम पुरीच्या मुदपाकखान्यापुरता आहे. तो कोणी दुसऱ्याच्या चुलीवर लादत नाही.

आणि खिचडी तरी ब्राझीलची कुठे आहे? ब्राझीलमध्ये कसाव्याच्या पिठाच्या पातळ पोळ्या करतात. साबुदाणा हाताला लागेल न लागेल इतक्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी बोटांनी चेपून पाहायचा, दाण्याचं जाडसर कूट आधीच चोळून ठेवायचं म्हणजे प्रत्येक दाणा सुटा राहतो, मग तुपात जिरं-मिरचीची फोडणी देऊन मंद आचेवर परतायचं. ही रीत कोणत्या जहाजातून उतरली नाही. ती इथल्या बायकांनी चुलीपुढे बसून शोधली. साबुदाण्यात नुसतं पिष्ट, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात ती पंचवीसेक ग्रॅम असतात. कूट सढळ हाताने घालणाऱ्या आजीला हे आकडे माहीत नव्हते, पण उपवासाच्या दिवशीही शेतावर जाणाऱ्या माणसाला नुसत्या पिष्टावर दुपार काढता येत नाही हे तिला नक्की कळत होतं.

राजगिऱ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांचं ते पवित्र धान्य होतं. सणाला त्याच्या पिठात मध कालवून ते देवांच्या मूर्ती करत आणि नंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश विजेत्यांना त्यात आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली आणि त्यांनी हे विधी बंद पाडले. राजगिऱ्याची शेतीही मागे पडली. तरी तिथल्या खेड्यांनी तो जपला. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात घोळवून वड्या थापतात. आपल्या लाडवाशी त्यांचं इतकं साम्य आहे की दोन्ही शेजारी ठेवले तर घरचा कोणता हे सांगणं अवघड जावं. एका देशात देवाच्या नावाने जे धान्य दडपलं गेलं, तेच दुसऱ्या देशात देवाच्या दिवशी खाल्लं जातं. मला यात दोन्हीकडच्या माणसांबद्दल जिव्हाळा वाटतो, कोणाचीही परंपरा खोटी ठरल्यासारखं वाटत नाही.

सावता माळ्यांचा अभंग तर महाराष्ट्रात सगळ्यांच्या तोंडी आहे. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी' आणि पुढे 'लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी'. सावतोबा अरणचे. त्यांची समाधी १२९५ची. मिरची भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १४९८ नंतर, आणि गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतलं तेव्हापासून ती दख्खनेत पसरली. त्याआधी इथला तिखटपणा मिरी, पिंपळी, आलं आणि मोहरी यांचा होता. मग तेराव्या शतकातल्या अभंगात मिरची कशी? ज्यांना वाद घालायचा आहे ते या ओळीवरून मिरचीच भारतीय ठरवतात, किंवा उलट अभंगच बनावट म्हणतात. मला तिसरी शक्यता जास्त खरी वाटते. हा अभंग शेकडो वर्षं तोंडातून तोंडात गेला. खुरपताना, मोट हाकताना, दिंडीत चालताना तो म्हटला गेला. कधीतरी कोणा गाणाऱ्याच्या समोरच्या वाफ्यात मिरची लागलेली होती, आणि ज्याच्या मुळाशी पाणी घातलं त्याला हरीच्या यादीतून वगळणं त्याला जमलं नसावं. सावतोबांच्या म्हणण्याला त्याने धक्का लागत नाही. त्यांचा हरी मळ्यातल्या कष्टात होता. वाफ्यात नवं रोप आलं, त्यालाही पाणी मिळालं, तेही विठाई झालं.

एवढंच कशाला, ज्या भाकरीला आपण मराठी मातीचं प्रतीक मानतो ती ज्वारीची भाकरीही पाहावी. ज्वारी आफ्रिकेत, सुदानच्या बाजूला माणसाळली. बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच भागांत. ही धान्यं साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून समुद्रमार्गे भारतात येऊ लागली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे राहणाऱ्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक जव होतं, म्हणजे बार्ली. आज त्या गावात कोणाला जवाची भाकरी वाढली तर तो तिला परकी म्हणेल. भाकरी आफ्रिकेची, ठेच्यातली मिरची मेक्सिकोची, त्यातला लसूण मध्य आशियातला. तरीही भाकरी-ठेचा इतकं मराठी दुसरं काही मला सुचत नाही.

पावाची गोष्ट उलट बाजूने बोलकी आहे. वसई आणि गोव्याकडे अजून जुनी माणसं सांगतात की पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकले आणि ते पाणी प्यालेली गावंच्या गावं बाटली. हे तसंच घडलं की नाही, यापेक्षा त्या आठवणीत साठलेली भीती खरी आहे. पाव खाणं म्हणजे जात गमावणं, इतका तो परका होता. सुरेने आंबवलेला म्हणून तो आणखीच अपवित्र. पुढे गोव्याचे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, आणि इराणी बेकरीवाले यांनी तो मुंबईत घरोघरी नेला, गिरणीच्या पाळीवर जाणाऱ्या कामगाराला तो परवडला, आणि १९६० च्या दशकात दादर स्थानकाबाहेर वडा त्यात बसला. अशोक वैद्य यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. आज तोच वडापाव मराठी अस्मितेचा पदार्थ आहे. चार पिढ्यांपूर्वी ज्या पावाने माणूस बाटत होता, त्याच पावाला बर्गरविरुद्ध उभं करून आज आपण स्वदेशी म्हणतो. ज्यांना एखादा पदार्थ आज असह्य परका वाटतो त्यांनी हा बदल आठवावा.

खोट्या मूळकथांवर मी फार वेळ घालवणार नाही. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं ही गोष्ट समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितली जाते, पण तिला समकालीन कागदाचा आधार कोणी दाखवत नाही. तंजावरच्या मराठी दरबाराने दक्षिणेच्या खाद्यपरंपरेत भर घातली हे मानायला त्या कथेची गरजही नाही. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा वर्षानुवर्षं भांडले, शेवटी २०१७ मध्ये बंगालच्या आणि २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला वेगवेगळं मानांकन मिळालं. दोन्हीकडचे हलवाई आपापल्या पद्धतीने तो करतच होते. या कथांचा तोटा इतकाच नाही की त्या खोट्या असतात. त्या नेहमी राजाच्या, सरदाराच्या, मोठ्या नावाच्या असतात. आचाऱ्याचं, मजुराचं, शेतकऱ्याचं, घरातल्या बाईचं नाव त्यांत येत नाही.

आपल्याकडे जमिनीच्या मालकीबद्दल एक मोठा वाद झाला आणि त्याचा निकाल लागला. जमीन कोणाच्या पूर्वजाला कधी इनाम मिळाली यापेक्षा ती आज कोण कसतो हे महत्त्वाचं, असं १९४८च्या कूळकायद्याने मानलं. कसेल त्याची जमीन. अन्नाच्या बाबतीतही मला हाच न्याय योग्य वाटतो. पदार्थ त्याचा, जो तो पिकवतो, निवडतो, सोलतो, रांधतो.

गंमत म्हणजे भारताचा कायदा हे आधीच मानतो. भौगोलिक मानांकनाचा १९९९चा कायदा बियाणं मुळात कुठल्या खंडातलं हे विचारत नाही. या जागेमुळे, इथल्या माती-हवेमुळे, इथल्या माणसांच्या कसबामुळे या मालाला काही खास गुण आला आहे का, एवढंच तो पाहतो. म्हणून मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं झाड असूनही घोलवडच्या चिकूला मानांकन आहे. अमेरिकेतूनच आलेल्या काजूचं वेंगुर्ल्याला आहे, सीताफळाचं बीडला. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आहे, तोही तिकडचाच. भिवापूरच्या मिरचीला आहे. या सगळ्यांच्या जोडीला आफ्रिकेतली ज्वारी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळा सरल्यावर, जमिनीत मुरलेल्या ओलीवर कणीस धरते, तिलाही आहे. महाराष्ट्राच्या अभिमानाची ही यादी पाहिली तर अर्धं जग त्यात दिसतं, आणि तरी त्यातलं प्रत्येक नाव आपल्या एकेका तालुक्याचं आहे.

कष्टाचा निकष लावला की मग अवघड प्रश्न सुरू होतात, आणि ते विचारायलाच हवेत. काजूच्या टरफलात जहाल तेल असतं. ते कातडी जाळतं. कोकणात आणि चंदगडच्या बाजूला काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवर त्याचे काळे डाग आणि चट्टे दिसतात. हाताला राख किंवा तेल लावून त्या काम करतात. काजू कोकणचा आहे, हे म्हणायचा अधिकार आधी त्यांचा आहे. त्यांना हातमोजे मिळतात का, किलोमागे काय मिळतं, मानांकनाच्या शिक्क्यामुळे वाढलेल्या भावातला वाटा त्यांच्यापर्यंत पोचतो का? हे प्रश्न 'काजू मुळात कुठला' या प्रश्नापेक्षा कितीतरी मोलाचे आहेत, आणि खाद्यमहोत्सवांच्या मांडवात ते कधी विचारले जात नाहीत. वरीचंही तसंच. सह्याद्रीच्या उतारावर आदिवासी शेतकरी ती पिकवतात, नाशिकच्या गिरण्यांत भगर होऊन ती शहरात येते. उपवासाच्या ताटातलं खरोखर इथलं असं ते धान्य आहे, पण ते पिकवणाऱ्याची आठवण नवरात्रात कोणाला येते?

आता शाळेच्या ताटाकडे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना त्याऐवजी फळ. विरोध झाला, आणि त्यात आपल्या संस्कृतीत हे बसत नाही हा सूर मोठा होता. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी हवं तर लोकसहभागातून पैसे उभे करावेत असं सांगितलं. ज्या गावात मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्या गावात लोकवर्गणीही सर्वांत कमी जमते, हे वेगळं सांगायला नको.

इथे मला एक सोपा युक्तिवाद करता आला असता. कोंबडी आशियातल्याच रानकोंबडीपासून माणसाळली, सह्याद्रीच्या जंगलात रानकोंबडा आजही आरवतो, म्हणजे बटाट्यापेक्षा अंडं कितीतरी जास्त इथलं आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात कल्याणीला लिहिलेल्या 'मानसोल्लास'मध्ये मांडे आणि वडे आहेत तसेच मांसाचे अनेक प्रकारही आहेत. पण हा युक्तिवाद मी करणार नाही, कारण तोही प्राचीनतेच्याच आधारावर उभा आहे. अंडं परवा अंटार्क्टिकाहून आलं असतं तरी प्रश्न तोच राहिला असता: एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं आहेत, ते भेसळ न होता मुलाच्या हातात पडतं, आणि त्या मुलाच्या घरी ते खाल्लं जातं. जो पालक खात नाही त्याच्या मुलाच्या ताटात ते घालू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. माझ्या घरचा नियम शेजारच्या मुलाच्या ताटाला लावू नये, एवढंच मी मागतो आहे. पुरीचं मंदिर जे समजतं ते सरकारी योजनेला समजायला हरकत नसावी.

यावर एक आक्षेप मी गांभीर्याने घेतो. कोणी म्हणेल, मूळ आणि परंपरा हे निकष सोडून दिले तर पाकिटबंद नूडल्स आणि शीतपेयं यांना कोण अडवणार? तेही उद्या 'आमचंच' होतील. काळजी खरी आहे. गावोगावच्या टपरीवर पाच रुपयांची पाकिटं लटकतात आणि मुलांची दुपारची भूक त्यांवर भागते, हे मलाही बघवत नाही. पण त्यांना नकार द्यायला 'विदेशी' हे कारण कशाला हवं? त्यांत मीठ, साखर, तेल किती आणि अन्न किती, हे कारण पुरेसं आहे. त्यांचा पैसा गावात राहत नाही, हे दुसरं कारण. ती करताना इथल्या कोणाच्या कसबाला काम मिळत नाही, हे तिसरं. ही कारणं तपासता येतात, त्यांवर वाद घालता येतो. 'परकं' या शब्दावर वाद घालता येत नाही, तो फक्त ओरडता येतो.

शिवाय प्राचीनतेच्या अभिमानाने अन्न वाचत नाही, याचा पुरावा ज्वारीच आहे. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारी-बाजरी-नाचणीला 'श्री अन्न' म्हटलं गेलं, प्राचीन भारतीय ठेवा म्हणून भाषणं झाली. पण ज्वारी मागे पडली ती लोकांना तिचा अभिमान नव्हता म्हणून नाही. रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्त मिळत राहिला, त्यांची सरकारी खरेदी पक्की होती, ज्वारीची नव्हती. काढणी-मळणीला माणसं मिळेनात, पाखरं राखायला कोणी उरलं नाही. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी रेशनच्या रांगेत उभं राहून नेली. ज्वारीच्या मुलखात ज्वारी जहाजातून आली! त्या पिढीला ती चव आजही आठवते, आणि ती आठवण अभिमानाची नाही. तरी त्या वर्षी तिनेच माणसं जगवली, हेही खरं.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही रेशनवर द्यायची तरतूद आहे, तेव्हाच्या दराने एक रुपया किलो. महाराष्ट्रात बहुतेक दुकानांत मात्र येतो तो गहू-तांदूळच. ज्यांना खरोखर इथल्या अन्नाची काळजी आहे त्यांनी ही तरतूद धरून बसावं. सोलापूर, अहिल्यानगर, बीडच्या रेशन दुकानांत रब्बीची ज्वारी हमीभावाने घेऊन द्यावी. त्याच ज्वारीची भाकरी शाळेच्या ताटात यावी, तिच्याबरोबर घेवड्याची उसळ, खाणाऱ्याला अंडं आणि न खाणाऱ्याला शेंगदाणा-राजगिऱ्याचा लाडू. भाकरी थापणाऱ्या बाईला या कामाचं सरकार जे मानधन देतं त्यात तिचा महिना निघत नाही, ते आधी वाढवावं. यातला प्रत्येक जिन्नस कधी ना कधी समुद्र ओलांडून किंवा रान सोडून आलेला आहे. या सगळ्या ताटाचा खर्च काढून तो पुढच्या अर्थसंकल्पात मागता येईल, आणि माझ्या मते ग्रामसभांनी तो मागायला हवा.